सुरतेच्या किल्ल्याचा निर्माता : खुदावंद खान

मनुष्याचे आयुष्य अल्प असते. परंतु त्याच्या हातून घडलेली वास्तू पुष्कळदा त्याच्यामागे शतकानुशतके उभी राहते. मात्र होते असे की, वास्तू सर्वांच्या परिचयाची राहते आणि ती उभारणाऱ्याचे नाव लोकांच्या स्मरणातून हळूहळू पुसले जाते. सातपुड्याच्या कुशीत मुलताईजवळ उगम पावून, खानदेशची काळी भूमी भिजवीत तापी नदी सुरतेस पोचते, तेव्हा तिच्या डाव्या तीरावर, चौकबाजाराच्या लगत एक जुना किल्ला तिचे स्वागत करतो. चार कोपऱ्यांवर चार गोल बुरूज, मधोमध फारसे मोठे नसलेले आवार आणि नदीच्या बाजूस उंच तट, असे त्याचे रूप आहे. सुरत महानगरपालिकेने त्याचा जीर्णोद्धार करून त्यात संग्रहालय उभे केले आहे. तेथे जुनी शस्त्रे, नाणी, वस्त्रे व चित्रे पाहण्यास रोज माणसे येतात. परंतु त्या संग्रहालयातील सर्वांत मोठी आणि सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे ते दालन ज्या भिंतींत आहे त्या भिंतीच होत, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. या भिंती कोणी बांधल्या, कोणत्या भीतीपोटी बांधल्या, आणि त्या बांधू नयेत म्हणून कोणी कोणते प्रयत्न केले, याची हकीकत ज्या पुरुषाच्या चरित्रात सापडते, त्याचे नाव ख्वाजा सफर ऊर्फ खुदावंद खान.

या पुरुषाचे चरित्र कोणा एका ग्रंथात सलग लिहिलेले मिळत नाही. ते तीन ठिकाणच्या दप्तरांतून गोळा करावे लागते. पहिले दप्तर दगडाचे. किल्ला बांधला गेला तेव्हा त्यावर फारसी पद्यात शिलालेख कोरण्यात आला होता, आणि त्यात बांधणीचे हिजरी वर्ष ९४७ म्हणजे इसवी सन १५४०-४१ गुंफलेले होते. ही वास्तू फिरंग्यांच्या छातीवरचा धोंडा ठरावी, अशा आशयाची प्रार्थना त्यात होती. दुसरे दप्तर फारसी व अरबी इतिहासकारांचे. अकबराच्या पदरी असलेला निजामुद्दीन अहमद हा पुढे गुजरात सुभ्याचा बक्षी होता; त्याने आपल्या तबकाते-अकबरी या ग्रंथात या किल्ल्याच्या बांधणीचे तपशीलवार वर्णन केले आहे. मक्केहून गुजरातेत आलेल्या हाजी दबीर नावाच्या लेखकाने अरबी भाषेत गुजरातचा इतिहास लिहिला, त्यातही या घराण्याची माहिती येते. तिसरे दप्तर शत्रूचे. पोर्तुगीज इतिहासकारांनी, विशेषतः गोव्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख म्हणून काम केलेल्या दियोगो दो कोतो याने, या आपल्या वैऱ्याची हकीकत मोठ्या आस्थेने लिहून ठेवली आहे. पोर्तुगीज त्याला कोजे सोफर म्हणत. इंग्रजी अमदानीतील काही लेखांत तो सफी आगा या नावाने आढळतो. आणि गुजरातच्या दरबारात तो खुदावंद खान होता. एकाच मनुष्याची ही तीन-चार नावे प्रथम पाहणाऱ्याला चकवतात. परंतु तिन्ही दप्तरे एकमेकांशेजारी ठेवली म्हणजे त्यांतून एकच करारी, धूर्त आणि कर्तबगार पुरुष आपल्यासमोर उभा राहतो.

ख्वाजा सफरचा जन्म हिंदुस्थानातला नव्हे. पोर्तुगीज लेखकांच्या मते तो इटलीच्या दक्षिण भागातील ख्रिस्ती घराण्यात जन्मला. भूमध्य समुद्रावरील लढायांच्या त्या धामधुमीत माणसे पकडली जात, विकली जात, धर्म बदलीत आणि कधी कधी ज्यांनी पकडले त्यांचेच सेनापती होत. सफरही असाच पूर्वेकडे आला, त्याने इस्लाम धर्म स्वीकारला आणि तांबड्या समुद्रावर वावरणाऱ्या सलमान रईस या तुर्की आरमारी सरदाराच्या पदरी तो चढत गेला. इ. स. १५१७ साली उस्मानी तुर्कांनी मिसर देश जिंकल्यापासून तांबड्या समुद्राच्या मुखावर त्यांची व पोर्तुगीजांची झुंज लागून राहिली होती. या झुंजीत सफरने जहाजे, तोफा आणि तटबंदी यांची विद्या हस्तगत केली. ही विद्याच पुढे त्याच्या भाग्योदयाचे कारण झाली.

इ. स. १५२८ च्या सुमारास सलमान रईस येमेनच्या किनाऱ्यावर आपसांतील कलहात मारला गेला. त्याचा भाचा मुस्तफा याने त्या खुनाचा सूड घेतला. परंतु आता तेथे राहण्यात धोका होता. तेव्हा मुस्तफा व ख्वाजा सफर या दोघांनी आपली माणसे, जहाजे, तोफा व द्रव्य घेऊन गुजरातची वाट धरली. इ. स. १५३१ च्या आरंभी ते दीव बंदरात येऊन पोचले, आणि येतात न येतात तोच पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा प्रचंड आरमार घेऊन दीववर चालून आला. या नव्या पाहुण्यांनी आपल्या तोफा तटावर चढवल्या व असा मारा केला की, गव्हर्नरास हात हलवीत परत जावे लागले. गुजरातचा सुलतान बहादूरशहा प्रसन्न झाला. मुस्तफाला त्याने रूमी खान असा किताब दिला, आणि ख्वाजा सफरही सुलतानाच्या मर्जीतील माणूस झाला.

त्या काळी पश्चिम किनाऱ्याची स्थिती काय होती, हे येथे सांगणे अवश्य आहे. इ. स. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकत येथे उतरला, आणि त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांच्या आतच पोर्तुगीजांनी अरबी समुद्रावर आपला हुकूम बसवला. कार्ताझ नावाचा त्यांचा परवाना जवळ असल्याखेरीज कोणत्याही व्यापाऱ्याचे गलबत समुद्रात सुखरूप जाऊ शकत नसे. परवाना नसलेले जहाज लुटले जाई. सुरत हे त्या वेळी नुकतेच नावारूपास येत होते. मलिक गोपी नावाच्या धनवान व मुत्सद्दी गृहस्थाने त्या गावास ऊर्जितावस्था आणली होती. गोपीपुरा आणि गोपी तलाव ही नावे आजही त्याची आठवण देतात. परंतु श्रीमंती वाढली, तशी ती लुटणाऱ्यांची नजरही तिकडे वळली. इ. स. १५१२, १५३० आणि १५३१ अशी तीनदा पोर्तुगीजांनी सुरत जाळली. १५३० च्या स्वारीत अंतोनियो द सिल्व्हैरा याने तापीत शिरून सुरत आणि तिच्या समोरच्या तीरावरील रांदेर ही दोन्ही गावे बेचिराख केली. गावाला तट नव्हता, किल्ला नव्हता आणि नदी तर शत्रूच्या नावांना सरळ दारापर्यंत आणून सोडीत होती. विणकर, सुतार, सराफ, नाखवे अशी कष्टाळू माणसे वर्षानुवर्षे संसार उभा करीत आणि एका दिवसात त्याची राख होत असे.

इकडे गुजरातच्या राज्यावरही संकटे कोसळत होती. मोगल बादशहा हुमायून चालून आला. त्याच्याविरुद्ध मदत मिळावी म्हणून बहादूरशहाने इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली, आणि पुढच्याच वर्षी दीवमध्ये किल्ला बांधण्याची परवानगीही दिली. ज्यांना चार वर्षांपूर्वी तोफांनी परतवून लावले होते, त्यांनाच आता घरात घेण्याची पाळी आली. या धांदलीत मुस्तफा रूमी खान हुमायूनास जाऊन मिळाला. ख्वाजा सफर मात्र गुजरातच्या सुलतानाजवळच राहिला. सोबत्याने नवा धनी पत्करला असता आपण जुना धनी न सोडणे, आणि तेही तो धनी पराभूत असताना, ही गोष्ट त्याच्या चरित्रात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

इ. स. १५३७ च्या फेब्रुवारी महिन्यात ती भीषण घटना घडली. बहादूरशहा दीवजवळ समुद्रात पोर्तुगीज गव्हर्नराच्या जहाजावर त्याच्या भेटीस गेला. परत येताना नावेवर चकमक झाली. सुलतान पाण्यात पडला आणि तेथेच मारला गेला. ख्वाजा सफर त्या वेळी त्याच्याबरोबर होता. तो जखमी झाला. परंतु पोर्तुगीजांनीच त्याला पाण्यातून ओढून काढले आणि दीवमध्ये नेले. व्यापाऱ्यांत त्याचे वजन मोठे होते; त्याला हाताशी धरले तर दीवचा कारभार सुरळीत चालेल असा त्यांचा हिशेब होता. सफरनेही वर्षभर नम्रपणे वागून त्यांचा विश्वास संपादन केला. किल्ल्याच्या आतील माणसे किती, दारूगोळा कोठे, पाणी किती, हे सर्व तो पाहत होता. मग एके दिवशी संधी साधून त्याने दीव सोडले आणि तो गुजरातच्या नव्या सुलतानाच्या, तिसऱ्या महमूदशहाच्या, दरबारी हजर झाला.

पोर्तुगीज लेखक या वर्तनाला कृतघ्नपणा म्हणतात, तर गुजरातच्या बाजूने पाहणारा त्याला स्वामिनिष्ठा म्हणेल. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्याशी वैर करावे की नाही, आणि ज्यांनी आपल्या धन्याला मारले त्यांचे उपकार मानावेत की नाही, असा हा पेच होता. सफरने आपला निर्णय कृतीने दिला. तो निर्दोष होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्यानंतर आयुष्याच्या अखेरपर्यंत त्याची दिशा बदलली नाही, एवढे इतिहास निःसंशय सांगतो.

इ. स. १५३८ मध्ये गुजरातच्या फौजेने त्याच्या पुढाकाराने दीवला वेढा घातला. पाठोपाठ मिसरचा तुर्की सुभेदार सुलेमान पाशा बहात्तर जहाजांचे आरमार आणि अजस्र तोफा घेऊन मदतीस आला. दीवच्या किल्ल्यात पोर्तुगीजांचा सरदार कोण होता? आठ वर्षांपूर्वी सुरत आणि रांदेर जाळणारा तोच अंतोनियो द सिल्व्हैरा! किल्ला पडण्याच्या बेतास आला; आत लढण्याजोगी माणसे चाळीसच्या आसपास उरली. परंतु तुर्क आणि गुजराती यांचे मनोमीलन नव्हते. पाशाचा उद्दामपणा आणि त्याच्या शिपायांचे वर्तन यांमुळे, फिरंगी गेला तर हा नवा धनी उरावर बसेल, अशी शंका गुजरातच्या सरदारांना येऊ लागली. शेवटी नोव्हेंबरच्या आरंभी पाशा नांगर उचलून निघून गेला आणि हाती आलेला विजय निसटला. जाताना तो काही अवजड तोफा किनाऱ्यावरच टाकून गेला. त्यांपैकी नीलम ही इ. स. १५३१ साली मिसर देशात ओतलेली तोफ जुनागढच्या उपरकोट किल्ल्यावर आजही पाहावयास मिळते. काही तोफा ख्वाजा सफरने पुढे सुरतेस आणल्या.

या अपयशातून सफर एक धडा शिकला. समुद्रावर पोर्तुगीजांशी बरोबरी करणे तूर्त शक्य नाही. बाहेरून आलेल्या मित्रावर विसंबणेही शहाणपणाचे नाही. तेव्हा प्रथम आपले दार बंद केले पाहिजे. सुरत आता त्याच्या ताब्यात होती आणि खुदावंद खान हा मोठा किताब त्याला मिळाला होता. तिसऱ्या महमूदशहाच्या आज्ञेने त्याने तापीच्या काठी किल्ला बांधण्यास प्रारंभ केला.

या बांधणीचे निजामुद्दीनाने केलेले वर्णन मोठे उद्बोधक आहे. खुदावंद खानाने ठिकठिकाणचे कुशल स्थपती शोधून आणले आणि किल्ला जितका बळकट करता येईल तितका करा, असे त्यांना बजावले. जमिनीकडील दोन बाजूंना पाणी लागेपर्यंत खोल खंदक खणण्यात आला. त्याची रुंदी वीस गज होती आणि तो पाण्याने भरलेला असे. तट दगड, चुना आणि भाजक्या विटा यांचा होता आणि त्याची उंची वीस गज होती. सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे दगडाला दगड लोखंडी पट्ट्यांनी जखडला होता आणि मधल्या फटींत वितळलेले शिसे ओतले होते. तोफेचा गोळा नुसत्या चुन्यात बसवलेल्या चिरेबंदीवर आदळला की एक चिरा निखळतो, आणि एक निखळला की शेजारचे सैल होतात. लोखंड आणि शिसे यांनी एकजीव केलेल्या भिंतीत मात्र एका चिऱ्यावरचा आघात सगळ्या भिंतीत विभागला जातो. शिसे ओतल्यामुळे ओलावा आत शिरत नाही आणि लोखंड गंजून फुगत नाही. गोल बुरूज बांधण्यातही हाच विचार होता. चौकोनी बुरुजाचा कोपरा गोळ्याने चटकन फुटतो. गोलाईवर आदळलेला गोळा घसरून जाण्याचा संभव अधिक. ज्याने आयुष्यभर तोफा डागल्या होत्या, त्यालाच त्या कशा अडवाव्यात हे ठाऊक होते.

किल्ल्याचे काम चालू आहे ही बातमी पोर्तुगीजांना लागताच ते अस्वस्थ झाले. त्यांनी अनेकदा जहाजे सज्ज करून काम उधळून लावण्याचा प्रयत्न केला. परंतु यश आले नाही. तेव्हा त्यांनी दुसरा उपाय योजला. किल्ल्याच्या बुरुजावर चौकंडी नावाचे उंच बांधकाम करण्याचा खानाचा बेत होता. अशी रचना ही पोर्तुगालची युक्ती आहे, असे युरोपीय लोक समजत. किल्ला बांधला तर बांधा, पण निदान ही चौकंडी तेवढी उभारू नका, आणि त्याबद्दल मोठी रक्कम घ्या, असा प्रस्ताव त्यांनी खुदावंद खानापुढे ठेवला.

हा प्रसंग त्याच्या चरित्राचा कळस होय. या मनुष्याने आयुष्यात देश बदलला होता, धर्म बदलला होता, धनी बदलले होते. व्यापारात तो मुरलेला होता आणि पैशाची किंमत त्याला चांगली समजत होती. किल्ल्याचा एक भाग न बांधणे ही दिसण्यात किती क्षुल्लक गोष्ट! तट तर उभा राहणारच होता. खंदक तर होणारच होता. रक्कम स्वीकारली असती तर दरबारातही कोणी फारशी विचारपूस केली नसती. परंतु शत्रू ज्या वस्तूसाठी द्रव्य मोजण्यास तयार होतो, ती वस्तू आपल्याला त्याहून अधिक मोलाची असली पाहिजे, एवढा विवेक त्याच्या ठिकाणी होता. त्याने तो प्रस्ताव तिरस्काराने फेटाळला आणि चौकंडी बांधून पुरी केली. ज्यांची घरे तीनदा जळाली होती त्या सुरतेच्या रहिवाशांच्या मनात त्या दिवशी कोणता भाव उठला असेल, याची कल्पना आपण सहज करू शकतो.

किल्ला झाला, परंतु दीवचे शल्य खुदावंद खानाच्या मनातून गेले नव्हते. इ. स. १५४६ च्या एप्रिल महिन्यात त्याने पुन्हा दीवला वेढा घातला. आत जुआंव मास्कारेन्यस नावाचा शूर सरदार थोड्या शिबंदीनिशी होता. पावसाळा तोंडावर आला असल्यामुळे गोव्याहून कुमक येणे कठीण होते, हे हेरूनच खानाने ही वेळ साधली होती. किल्ल्यासमोर त्याने दमदमे उभारले आणि खंदक बुजवण्याचे काम हाती घेतले. परंतु २४ जून १५४६ रोजी तो मोर्च्यांची पाहणी करीत असता किल्ल्यातून सुटलेला तोफेचा गोळा त्याला लागला आणि तो तत्काळ गतप्राण झाला. तोफांच्या साहाय्याने ज्याने आयुष्यात उत्कर्ष साधला, त्याचा अंतही तोफेनेच झाला.

त्याच्यामागून त्याच्या मुलाने वेढा चालवला. यालाही रूमी खान हाच किताब होता. ऑगस्टमध्ये सुरुंगाने एक बुरूज उडाला, त्यात पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याचा तरुण मुलगा फेर्नांदो मरण पावला. नोव्हेंबरमध्ये स्वतः कास्त्रो आरमारासह आला. घनघोर लढाई झाली. रूमी खान पडला आणि वेढा उठला. विजयी कास्त्रोपुढे मग उद्ध्वस्त किल्ला पुन्हा बांधण्याचा प्रश्न उभा राहिला. तिजोरी रिकामी होती. त्याने गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून, देण्याजोगे दुसरे काही नसल्यामुळे, आपल्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी द्रव्य दिले आणि ते तारणही सन्मानाने परत केले. एकाने किल्ला अपुरा ठेवण्यासाठी देऊ केलेले द्रव्य नाकारले. दुसऱ्याने किल्ला पुरा करण्यासाठी आपली प्रतिष्ठा गहाण टाकली. दोघे परस्परांचे कट्टर वैरी होते आणि दोघांचे पुत्र त्याच रणावर पडले. परंतु तटबंदीचे मोल दोघांनाही सारखेच कळले होते.

खुदावंद खानाच्या मृत्यूनंतर त्याने बांधलेल्या भिंतींची खरी परीक्षा झाली. इ. स. १५४७ मध्ये पोर्तुगीजांनी जवळचेच भडोच लुटले व जाळले. सुरतेचा किल्ला मात्र त्यांना कधीच जिंकता आला नाही. इ. स. १५७३ मध्ये अकबर बादशहाने स्वतः येऊन त्यास वेढा दिला. किल्ल्याची पाहणी करण्यास त्याने आधी तोडरमलासारखा चतुर मनुष्य पाठवला होता. तरीही मोगलांच्या एवढ्या मोठ्या फौजेला तो हस्तगत करण्यास एक महिना सतरा दिवस लागले. आत शिरल्यावर बादशहाने सुलेमान पाशाच्या त्या प्रचंड तोफा पाहिल्या आणि त्या आग्र्यास नेण्याची आज्ञा केली.

पुढची एक हकीकत महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. इ. स. १६६४ च्या जानेवारीत श्रीशिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले. त्या वेळी सुरतेचा मोगल सुभेदार इनायत खान काय करीत होता? शहराच्या रक्षणासाठी बाहेर पडण्याऐवजी तो खुदावंद खानाच्या याच किल्ल्यात जाऊन बसला आणि महाराज परत जाईपर्यंत बाहेर आला नाही. किल्ल्यावरील तोफांचा मारा झाला तोही शहरातील घरांवरच. भिंती त्याच होत्या, खंदक तोच होता, तोफाही होत्या. परंतु त्या भिंतींच्या आत जे धैर्य असावयास पाहिजे होते, ते नव्हते. शहर राखण्यासाठी बांधलेला किल्ला शहर सोडून पळणाऱ्याचे बिळ झाला. इ. स. १६७० मध्ये महाराज पुन्हा आले, तेव्हाही सुरतेला मोगल सत्ता वाचवू शकली नाही. दगड, लोखंड आणि शिसे यांनी तट बळकट करता येतो. परंतु तटामागच्या माणसाचे मन बळकट करण्याचे साधन कोणत्याही स्थपतीजवळ नसते.

त्यानंतर इ. स. १७५९ मध्ये हा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. प्रारंभी काही काळ त्यावर मोगलांचे व इंग्रजांचे अशी दोन निशाणे शेजारी शेजारी फडकत. मग एकच उरले. पुढे लष्कराची गरज संपली आणि इ. स. १८६२ नंतर तेथे सरकारी कचेऱ्या थाटल्या गेल्या. ज्या आवारात तोफांची दारू साठवली जात असे, तेथे कागदांचे गठ्ठे साठू लागले. ज्या फिरंग्यांना अडवण्यासाठी हा सारा खटाटोप झाला, त्यांची वसई इ. स. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पराक्रमाने जिंकून घेतली. आणि दीव, दमण व गोवा ही ठिकाणे इ. स. १९६१ च्या डिसेंबरात स्वतंत्र भारतात आली. खुदावंद खानाने दीवपुढे प्राण ठेवला, त्याला तोपर्यंत चारशे पंधरा वर्षे लोटली होती.

खुदावंद खानाला आपण थोर म्हणावे काय? राष्ट्र, स्वातंत्र्य इत्यादी आज ज्या अर्थाने आपण हे शब्द वापरतो, त्या अर्थाने ते त्याला ठाऊक नव्हते. तो नशीब काढण्यासाठी परमुलखातून आलेला होता. त्याच्या हिशेबात स्वतःची सत्ता आणि स्वतःचा व्यापार यांना स्थान होतेच. परंतु माणसाचे मोजमाप तो कोठून आला यावरून न करता, कसोटीच्या क्षणी तो कोणत्या बाजूस उभा राहिला यावरून करणे अधिक न्याय्य आहे. परक्या गावाचे दुःख त्याने आपले मानले, त्या गावाला भिंत दिली, आणि त्या भिंतीचा एक चिराही कमी करण्यासाठी मोल घेतले नाही. त्याची ही साक्ष त्याच्या भाटांनी लिहिलेली नाही. ती त्याच्या सुलतानाचे राज्य बुडवणाऱ्या मोगलांच्या इतिहासकाराने लिहिली आहे, आणि ज्यांच्याशी तो मरेपर्यंत लढला त्यांच्याही दप्तरात त्याचा पराक्रम लपलेला नाही. शत्रूच्या वहीत ज्याच्या गुणांची नोंद सापडते, त्याच्या चरित्राविषयी वाचकास शंका बाळगण्याचे कारण उरत नाही.

सुरतेत मर्जान शामी रोजा या नावाने ओळखली जाणारी एक सुंदर कबर आहे. ती ख्वाजा सफरची मानतात. तिच्यावरील नक्षीकाम पाहण्याजोगे आहे. परंतु त्याचे खरे स्मारक तापीच्या काठी उभे आहे. विद्यार्थीमित्रहो, पुढेमागे सुरतेस जाण्याचा योग आला, आणि आपल्या खानदेशातील कितीतरी कुटुंबे आज कामधंद्यासाठी त्या शहरात राहत असल्यामुळे तो पुष्कळांना येतो, तर त्या संग्रहालयात अवश्य जावे. काचेच्या पेट्यांतील वस्तू पाहून झाल्या म्हणजे क्षणभर भिंतीकडेही पाहावे. दोन चिऱ्यांमधील सांध्यात इतिहासाचे एक पान दडलेले असते. ते वाचण्यास ग्रंथांचे ज्ञान लागते, त्याचबरोबर ज्यांच्यासाठी ती भिंत उभी राहिली, त्या कष्टाळू विणकरांची आणि नाखव्यांची आठवणही मनात असावी लागते.